केदार, त्याच्या अळ्या आणि वसुंधरा

गप्प बसणाऱ्या माणसाकडे किस्से फार साठतात. बोलकी माणसं सांगून मोकळी होतात. आमच्यासारख्यांचं तसं नसतं. आम्ही कोपऱ्यात बसतो, 'हं' म्हणतो, चहाचे कप गोळा करतो आणि घरी येताना सगळं बरोबर घेऊन येतो. लग्न होऊन मी साताऱ्याहून चेन्नईला आले ती थेट नदीतल्या किड्यांवर काम करणाऱ्या एका लॅबच्या गोतावळ्यात पडले. तेव्हापासून इतका माल जमलाय, की आता थोडा बाहेर काढला नाही तर आमचा वेलचेरीचा फ्लॅट अपुरा पडेल!

आणि हो, आधीच सांगून ठेवते. यातल्या बऱ्याच किश्श्यांत मी एका बाजूला जळत बसलेली आहे. तेवढं चालवून घ्या.

* * *

लग्न ठरत होतं तेव्हा 'मुलगा नद्यांवर काम करतो' एवढाच निरोप आला होता. आमच्याकडे नदीवर काम म्हणजे धरण. माझे थोरले काका, नानाकाका, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. त्यांनी साखरपुड्यातच केदारला गाठलं.

"कुठल्या प्रोजेक्टवर?"

"काका, मी पाण्यातल्या किड्यांवर काम करतो. म्हणजे त्यांच्या अळ्यांवर."

"औषध मारता?"

"छे छे! बघतो फक्त."

केदारला कुणी एवढं विचारायचीच खोटी असते. ओढ्यातल्या दगडांखाली या अळ्या कशा राहतात, दिवसा बाहेर पडलं तर मासे खातील म्हणून कशा चिकटून बसतात, आणि अंधार पडला की दगड सोडून प्रवाहाबरोबर कशा खाली वाहत जातात, हे त्याने हातवारे करून सांगितलं. थोडं अंतर गेल्या की पुन्हा एखादा दगड धरायचा आणि तिथे संसार मांडायचा. "याला ड्रिफ्ट म्हणतात, काका!"

"बरं. मग तुम्ही काय करता?"

"मध्ये जाळं लावतो. किती आल्या, कुठल्या आल्या, ते मोजतो."

"मोजून झाल्यावर?"

"दुसऱ्या दिवशी परत."

नानाकाका बाबांकडे गेले आणि हळूच म्हणाले, "मुलगा निर्व्यसनी आहे. वेळच नाही मिळालेला त्याला."

* * *

आता वसुंधरा.

केदारने लग्नाआधी लॅबमधल्या सगळ्यांची नावं सांगितली होती, त्यात 'वसू' पण होतं. मला वाटलं वासुदेव असेल!

चेन्नईत आल्यावर पहिल्याच रविवारी तिच्या घरी जेवायला बोलावणं आलं. टी. नगरमध्ये जुनं घर, दारात कोलमची रांगोळी, आत आई-वडील. घराणं तंजावरचं मराठी. म्हणजे पूर्वज कधीकाळी तिकडे गेले, तिथलेच झाले, पण घरात बोलायला मराठी ठेवली. दार उघडलं ते तिनेच. उंच, सावळी, केसांत भरगच्च मोगरा.

"यावें, यावें मन्नी! घर सांपडलें कीं नीट? बसा. अय्यो, तेथें नको, पंख्याखालीं बसा!"

मन्नी म्हणजे तमिळमध्ये वहिनी. बाकी सगळं मराठीच होतं, पण असं, की एखाद्या बखरीतून कुणीतरी उठून सांबार वाढायला आलंय! आणि चाल मात्र पक्की तमिळ, वाक्य शेवटाला वर चढणारं.

केदार खूश. "ऐकलंस? 'सांपडलें कीं'! वसू, ते परवाचं म्हण ना, पावसाचं."

तिने म्हटलं. हा टाळ्या वाजवायचाच बाकी. मग आणखी एक वाक्य, मग आणखी एक. चार वर्षं रोज ऐकतोय, तरी पोट भरलेलं नाही!

मीसुद्धा त्या दुपारी मराठीत बोलले. "भाजी छान झालीये" म्हणाले. "मला भात नको" पण म्हणाले. वन्समोअर कुणी दिला नाही.

* * *

दिवाळीच्या आधी केदार म्हणाला, "उद्या टी. नगरला जायचंय. कापड घ्यायचंय."

लग्नानंतरची पहिली दिवाळी. नवरा आपणहून कापडाचं नाव काढतोय! मी बरी साडी नेसले. बसमधल्या गर्दीत तिच्या निऱ्या अर्ध्या सुटल्या, तरी मी खूश होते.

दुकानाच्या पायरीवर वसुंधरा उभी.

झालं होतं असं, की जाळ्यांसाठी मागवलेली नायलॉनची जाळी वेळेवर आली नव्हती आणि लॅबच्या सरांना दिवाळीआधी एक चाचणी हवी होती. म्हणून नवरीच्या ओढण्यांसाठी असतं ते नेटचं कापड घेऊन काम भागवायचं ठरलं होतं. तीन मजली झगझगीत दुकान. सेल्समनने तागे उलगडले. केदारने एकेक पदर ट्यूबलाइटसमोर धरला. त्यातून फुंकर मारली. मग पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि काउंटरवरच्या स्टीलच्या ग्लासावर कापड ताणून पाणी ओतलं!

सेल्समनच्या जन्मात असा वरपक्ष आला नसावा. त्याने घाबरत विचारलं, "कल्याणत्तुक्का, सार?" लग्नासाठी का?

"पूच्चिक्कु," वसुंधरा शांतपणे म्हणाली. किड्यांसाठी.

शेवटी एक पांढरं कापड पसंत पडलं. केदारने ते उजेडासमोर धरलं आणि किती वेळ नुसता बघतच राहिला. मला बघायला आला होता तेव्हा एवढा वेळ घेतला नव्हता!

बिल करताना वसुंधराच म्हणाली, "केदारराव, मन्नींस एक लुगडें घ्या कीं!"

केदारने आश्चर्याने माझ्याकडे पाहिलं. "कशाला? ती कुठे पाण्यात उतरणार आहे?"

* * *

ते कापड पहिल्यांदा अड्यार नदीत बुडालं. चेन्नईतली नदी म्हणजे ओढ्यासारखं स्वच्छ काम नाही, पण पाऊस होऊन गेला होता, पाणी वाहतं होतं आणि जाळं टिकतं का एवढंच बघायचं होतं. पुलाजवळच्या उतारावर मी पिशव्या सांभाळत उभी. केदार आणि वसुंधरा छातीपर्यंतच्या रबरी विजारी घालून काठच्या पाण्यात. दोघांच्या मध्ये जाळं.

जाळ्यात काय आलं? एक चप्पल, दुधाच्या पिशव्या, झेंडूची माळ. आणि घाण पाण्यातही मजेत जगणाऱ्या लाल अळ्यांचा गठ्ठा. केदारला एवढा आनंद झाला की त्याने पाण्यात उभ्याउभ्याच उडी मारली.

वर पुलावर माणसं थांबायला लागली. चेन्नईत कुणी पाण्यात काही शोधताना दिसलं की लोक आधी सोनंच धरून चालतात. एक गृहस्थ वरून ओरडले, "किती पवनाची होती?" सोनं इकडे पवनात मोजतात, आपल्याकडे तोळ्यात म्हणतो तसं. दुसऱ्याने कुठे शोधायचं ते दाखवलं. तिसऱ्याने त्याला खोडून काढलं. सुंडलची, म्हणजे उकडलेल्या चण्यांची, गाडी येऊन थांबली!

गर्दी काही हलेना, तेव्हा वसुंधराने काठावर माझ्याकडे बोट दाखवून तमिळमध्ये एक वाक्य टाकलं. क्षणात पुलावरचे सगळे माझ्याकडे बघून हळहळले. मला काही कळेना. मग तिनेच मराठीत सांगितलं, की त्यांना म्हटलंय, या नव्या नवरीचं मंगळसूत्र पाण्यात पडलंय, तुम्ही सगळे बघत राहिलात तर तिला लाज वाटते, कृपा करून जा!

माणसं खरंच पांगली. मी गळ्यातलं ओढणीखाली लपवून दीनवाणी उभी. एक आजीबाई मात्र तशाच उतार उतरून खाली आल्या आणि केदारला उभा-आडवा झापून गेल्या.

"काय म्हणाल्या?" मी नंतर विचारलं.

वसुंधराला हसून हसून बोलता येईना. "म्हणाल्या, मंगळसूत्र हिचें, आणि पाण्यांत दुसरीस घेऊन कां उतरलास?"

खरं सांगते, प्रश्न चांगला होता. उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

* * *

त्यानंतर मी लॅबमध्ये जाऊन बसायला लागले. निमित्त डब्याचं. घरी काय, शाळांना अर्ज करायचे आणि खिडकीतून एमआरटीएसची लोकल बघायची. बी.एस्सी. झूऑलॉजी आहे माझं, पण कॉलेजात झुरळापुढे मजल गेली नव्हती.

तिथे एक मायक्रोस्कोप आहे, दोन डोक्यांचा. समोरासमोर बसून दोन माणसं एकाच वेळी एकच अळी बघू शकतात. शिकवायला असतो म्हणे. केदार आणि वसुंधराचं शिक्षण कधीच संपलं होतं, तरी दोघं त्याच्यावरच! या बाजूला हा, त्या बाजूला ती, मध्ये एक बोटाच्या पेरापेक्षा लहान जीव.

"कल्ले बघ."

"पाहिलें."

"सात ना?"

"सातच."

"शेपट्या?"

"अय्यो, किती सुरेख!"

तासन् तास. डोकं वर नाही. डबा गार.

आमच्या लग्नात मध्ये निदान अंतरपाट होता!

* * *

सरांबद्दल सांगायला हवं. लॅबचे प्रमुख, बारीक, पांढरे केस, हाफ शर्ट. मला ते 'मिसेस केदार' म्हणायचे. लॅबमधला जुना वाद त्यांच्याच खोलीत व्हायचा: अळ्या दगड आपणहून सोडतात, की पाय सुटून वाहून जातात? पूर आला तर सगळंच वाहतं, त्यात वाद नाही. पण रोज अंधार पडल्यावर जातात त्या?

केदारचं मत, अळ्या खायला दगडाच्या वर येतात, तेव्हा पकड ढिली पडते आणि पाणी त्यांना नेतं. बिचाऱ्यांचा दोष नाही. वसुंधराचं मत, "आपण होऊन सोडतात. खाणें संपलें कीं निघाल्या. त्यांस कळतें सगळें."

एकदा फार तापलं. मी कोपऱ्यात ट्रेमधल्या अळ्या चिमट्याने वेगळ्या करत होते. सर अचानक म्हणाले, "मिसेस केदारना विचारू या. तुम्हाला काय वाटतं?"

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणाले, "धरून ठेवायचा कंटाळा येत असेल."

केदार आणि वसुंधरा खो खो हसले. सर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि मला आणखी एक ट्रे दिला.

* * *

मग ती बातमी आली. निलगिरीच्या उतारावर, ओढ्याकाठी एक फील्ड स्टेशन. सहा महिने दोघांनी तिथे राहून रोज संध्याकाळी जाळी लावायची. कोण दोघं, ते सर ठरवणार होते. पण ठरवण्यासारखं होतंच काय? केदारने दोन रेनकोट आणून ठेवले. एक त्याच्या मापाचा, एक उंच बाईच्या.

"तू राहशील ना गं इथे?" रविवारी त्याने विचारलं. "शेअर ऑटो कळतात आता तुला. पावसात खालच्या रस्त्यावर पाणी चढलं तरी आपण तिसऱ्या मजल्यावर आहोत. आणि सहा महिने काय, असे जातात!"

मी "हो" म्हणाले. गप्प माणसाचा 'हो' कसलाही असू शकतो, हे त्याला अजून कळलं नव्हतं. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. त्याने जाऊ नये असं मला वाटत होतं. गेलाच तर तिच्याबरोबर जाऊ नये असं त्याहून जास्त वाटत होतं. मी त्या रात्रीच्या आमटीत मीठ विसरले. त्याने दोनदा मागून घेतली. लक्षात आलं नाही म्हणून!

जाण्याआधी रंगीत तालीम म्हणून सर सगळ्यांना आंध्रच्या हद्दीजवळच्या एका ओढ्यावर घेऊन गेले. जीपमध्ये एक जागा उरली होती, आणि इडल्या धरायला कुणीतरी हवं होतं. म्हणून मी.

सरांचा नियम एकच: सूर्य बुडाल्यापासून जाळं वर काढेपर्यंत उजेड नाही, आवाज नाही. उजेडाचं कारण समजण्यासारखं आहे; तो दिसला की अळ्या दगड सोडत नाहीत. आवाजाचं शास्त्रीय कारण कुणालाच माहीत नाही. सरांना शांतता आवडते.

प्रत्येकाने आपापल्या दगडावर बसून एका जाळ्याची दोरी धरायची. माणूस कमी होता, म्हणून एक दोरी माझ्या हातात आली. अंधार झाला. पाण्याचा आवाज, बेडूक, आणि...

"वसू, तुझी दोरी ताणलीये का?" केदार.

"श्श!" सर.

थोड्या वेळाने पुन्हा, "सर, वेग वाढलाय का?"

मग खोकला. मग पायाखालचा दगड घरंगळला. मग अंधारात एक निळा उजेड लखलखला आणि विझला. याला किती वाजले ते बघायचं होतं! वसुंधरा बरी होती, पण ती गुणगुणत होती. तिला ते माहीत नसावं.

मला काहीच अवघड वाटलं नाही. गप्प बसायचं आणि अंधारात काय चाललंय त्यावर लक्ष ठेवायचं. मी लग्न झाल्यापासून तेच तर करत होते!

सोमवारी सरांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. "स्टेशनवर राहायला खोली एकच आहे," ते म्हणाले. "बाथरूम एक. हे मला शुक्रवारी कळलं. तेव्हा दोघं पुरुष किंवा दोघी बायका. वसुंधरा जाईल. तिच्याबरोबर प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून..." ते माझ्याकडे वळले. "मिसेस केदार, तुमचं नाव काय?"

"शलाका," मी म्हणाले.

केदारचा चेहरा मी बघितला नाही असं नाही. मायक्रोस्कोपखाली ठेवावा असा होता.

घरी आल्यावर तो खूप वेळ गॅलरीत उभा राहिला. मग आत येऊन म्हणाला, "पण तुला तर पाण्याची भीती वाटते!"

"शेअर ऑटोचीही वाटायची," मी म्हणाले. "आणि सहा महिने काय, असे जातात."

उंच बाईचा रेनकोट वसुंधराला बरोबर आला. केदारचा मला गुडघ्याखाली गेला, पण चालला.

* * *

आता शेवटचा.

स्टेशनवर आम्हाला महिना होत आला होता. केदारचे फोन आधी दिवसाआड यायचे, मग रोज, मग दिवसातून दोनदा. आधी विचारायचा, "जाळ्यात काय आलं?" मग विचारायला लागला, "जेवायला काय केलंत?" मग, "तुम्ही दोघी दिवसभर करता तरी काय?" वसुंधरा हातातून फोन घेऊन सांगायची, "मजेंत आहों, केदारराव! काळजी नसावी!" आणि ठेवून द्यायची. तेवढ्याने तो पुन्हा फोन करायचा.

एका शनिवारी दुपारी बघते तर बसमधून केदार उतरतोय! हातात तांबड्या झाकणाचा डबा, डब्यात त्याने स्वतः केलेलं पिठलं. नऊ तासांच्या प्रवासात त्याची वडी झाली होती.

"सरांनी पाठवलं?" मी विचारलं.

"सर कशाला? जाळी बघायला आलो. दोरांना पीळ बसतो महिन्याभरात."

वसुंधरा त्याच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. "दोर फार नाजुक असतात," ती गंभीरपणे म्हणाली.

त्याला गावातल्या चहावाल्याच्या माडीवर जागा मिळाली. संध्याकाळी तो आला, पँट दुमडून. आम्ही तिघांनी जाळी लावली. नियम तोच, सर नव्हते, तरी तोच. पलीकडच्या दगडावर केदारला बसवलं, हातात एक दोरी देऊन. अलीकडे एक मोठा सपाट खडक आहे, दोघी मावतील असा. त्यावर आम्ही.

अंधार झाला. पाणी वाहत होतं.

वसुंधरा माझ्या कानाशी लागली आणि काहीतरी बोलली. मला हसू आवरेना. ओढणीचं टोक तोंडात कोंबलं, तरी खांदे हलतच होते. थोड्या वेळाने मी तिच्या कानात सांगितलं. ती अशी हसली, आवाज न करता, की मला वाटलं आता दोघी पाण्यात!

पलीकडच्या दगडावर कुणीतरी या कुशीवरून त्या कुशीवर झालं.

मग अंधारातून, अगदी हळू, केदारचा आवाज आला.

"अगं... काय बोलताय तुम्ही दोघी?"

मी ओढणी आणखी आत कोंबली.

"शलाका? वसू? मलाही सांगा ना!"

वसुंधराने माझा हात घट्ट दाबला आणि पाण्याच्या पलीकडे ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली,

"कांहीं नाहीं हो, केदारराव. तुम्ही आपली दोरी धरा!"